परत आलेल्या मुलाचं काय?



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे विद्यार्थी आज सभागृहात पुष्कळ आहेत. गुरुजी हजेरी घेताना नंबर पुकारत नसत, नाव पुकारत, आणि उत्तर आलं नाही तर वर्गालाच विचारत, ‘कुठे आहे रे तो?’ असं मला त्यांच्यापैकीच काहींनी सांगितलं. अशा माणसाच्या नावाने बोलायचं तर वर्गात नसलेल्या मुलाविषयी बोलावं, असं मला वाटलं.

संयोजकांनी मला विषय दिला होता ‘पळून जाणारी मुलं’. मी त्यांना म्हटलं, विषय घेते, पण थोडा पुढे नेते. मूल पळून गेलं की बातमी होते. ते सापडलं की आणखी एक बातमी होते. सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरात काय झालं, पुढच्या सोमवारी शाळेत काय झालं, याची बातमी कधी वाचलीत तुम्ही? मी तरी वाचलेली नाही. जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीवर काम करताना मला मात्र सतत त्याच सकाळीशी आणि त्याच सोमवाराशी गाठ पडत आली.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे कुणाला शेवटची बस पकडायची असेल तर खुशाल उठता येईल. हरवलेलं मूल शोधायला आपण बऱ्यापैकी शिकलो आहोत. सापडलेलं मूल परत घ्यायला अजून शिकलेलो नाही. आणि ते नीट जमलं नाही, तर मूल पुन्हा जातं. दुसऱ्या खेपेला ते अधिक लांब जातं आणि मागे कमी खुणा ठेवतं.

क्रमाने बोलते. आधी शाळा बुडवणं, मग घर सोडणं, मग शोध, आणि शेवटी परतणं, घरी आणि शाळेत. उदाहरणं देईन, पण नाव-गाव सांगणार नाही. तपशील बदलले आहेत. अशा मुलाची ओळख उघड करायला कायद्याची मनाई आहे, आणि ती मनाई किती शहाणपणाची आहे, यावर पुढे बोलणारच आहे.

पहिली गोष्ट, शाळा बुडवण्याची. आपण सरसकट म्हणतो, ‘दांडी मारतो’. पण दांडी मारणारी सगळी मुलं एका जातकुळीची नसतात. एक मूल गणवेश घालून, दप्तर पाठीला लावून, डबा घेऊन वेळेवर घराबाहेर पडतं आणि शाळेत पोचतच नाही. ते एसटी स्टँडवर बसतं, मैदानात असतं, एखाद्या टपरीमागे मित्राच्या फोनवर गेम खेळत असतं. घरच्यांना वाटतं ते शाळेत आहे, शाळेला वाटतं ते घरी आहे. दुसरं मूल घराबाहेर पडतच नाही. सोमवारी सकाळी त्याचं पोट दुखतं. शाळेची वेळ टळली की पोट थांबतं. रविवारी कधी दुखत नाही. आई म्हणते, ‘नाटकं करतो.’ पण ते पोट खरंच दुखत असतं! भीतीने पोटात गोळा येतो हे आपल्या भाषेला माहीत आहे, आपल्याला घरात माहीत नसतं.

या दोघांवर एकच औषध चालेल का? पहिल्या मुलाच्या बाबतीत विचारावं लागतं, की वर्गात असं काय नाहीये, जे त्याला स्टँडवर मिळतंय? दुसऱ्याच्या बाबतीत विचारावं लागतं, की शाळेत तो कुणाला किंवा कशाला घाबरतो? दोघांनाही फटके देऊन शाळेत नेऊन सोडलं, तर पहिला मागच्या भिंतीवरून उडी मारतो आणि दुसरा आजारी पडतो.

कारणं शोधायला गेलं की बहुतेक वेळा ती साधी निघतात. आठवी-नववीच्या मुलाला नीट वाचता येत नाही. चौथीपर्यंत ते खपून गेलं, सातवीपर्यंत पाठांतरावर निभावलं, आणि नववीत नवीन बाई आल्या आणि म्हणाल्या, ‘ऊठ, धडा वाच.’ त्या दिवसापासून तो मराठीच्या तासाला नसतो, आणि एकच तास बुडवता येत नाही म्हणून अख्खा दिवस बुडवतो. अशा मुलांपैकी काहींना अध्ययन अक्षमता असते. मुंबईत शीव रुग्णालयासारख्या ठिकाणी तिची तपासणी होते, दहावी-बारावीच्या परीक्षेत अशा मुलांना जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात. पण तपासणीसाठी न्यायचं कुणी? त्याला ‘मठ्ठ’ म्हणून आपण मोकळे झालेलो असतो. कुणाला वर्गात जातीवरून, रंगावरून, तोतरेपणावरून रोज चिडवतात. कुणी पहाटे दूध नाहीतर पेपर टाकून येतो आणि दुसऱ्या तासाला झोपतो.

झोपेवरून आठवलं. २०२४ साली राज्य सरकारने आदेश काढला, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. मुलांची झोप व्हावी म्हणून. चांगलंच केलं. पण वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, रात्री लवकर झोप लागत नाही, सकाळी जाग येत नाही, हे घडतं ते तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचं. आणि त्यांची शाळा कितीला? कित्येक ठिकाणी सातला! सात वाजून पाच मिनिटांनी आलेल्या मुलाला काही शाळा फाटक बंद करून बाहेर ठेवतात. शिस्त म्हणून. आता मला सांगा, गणवेशातलं, दप्तर घेतलेलं, घरी जायची चोरी असलेलं मूल फाटकाबाहेर उभं आहे आणि समोर सगळं शहर मोकळं आहे. दांडी त्याने मारली की आपण मारायला लावली?

मूल सलग महिनाभर शाळेत आलं नाही, की सरकारी मोजणीत ते शाळाबाह्य ठरतं. मोजणीसाठी महिना ठीक आहे. पण काळजी करायला महिना थांबायचं का? मला भेटलेल्या पळून गेलेल्या मुलांच्या हजेरीपटात आधीच्या काही आठवड्यांत पोकळ्या दिसतात. सोमवारी नाही, मग सोमवार-मंगळवार नाही, मग आठवडाभर नाही. पळून जाणं एका संध्याकाळी ठरलंय असं वाटतं, पण हजेरीपटाला ते आधी कळलेलं असतं. हजेरीपट रोज भरला जातो, वाचतं कोण?

आता दुसरी गोष्ट, घर सोडण्याची. मूल घर का सोडतं? ‘मुंबईचं आकर्षण’ हे आपलं जुनं, सोयीचं उत्तर. हिरो व्हायला मुंबईला पळून आलेला मुलगा आपल्या सिनेमाचा फार लाडका आहे. तशी मुलं असतात, नाही असं नाही. पण कल्याणला, दादरला, मनमाडला, भुसावळला फलाटावर सापडलेल्या मुलाशी शांतपणे बोललात, तर कुठे जायचं होतं हे त्याला बहुतेक वेळा सांगता येत नाही. कुठून निघायचं होतं, ते बरोबर सांगतो. घटक चाचणीचा पेपर सहीसाठी घरी दाखवायचा होता. वडिलांनी पट्टा काढला होता. दुकानातल्या गल्ल्यातले पैसे घेतले होते आणि संध्याकाळी हिशोब व्हायचा होता. फोन हिसकावून फोडला होता. आईने दुसरं लग्न केलं आणि त्या घरात आपल्याला जागा आहे की नाही, ते कळत नव्हतं. कारण मोठ्या माणसाला क्षुल्लक वाटेल. पण पंधराव्या वर्षी उद्याच्या पलीकडचं दिसत नाही. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पुरता तयार व्हायला विशी ओलांडावी लागते, असं मेंदूचे अभ्यासक सांगतात. त्यामुळे ‘एवढ्याशा गोष्टीसाठी?’ हा प्रश्न चुकीचा आहे. त्या संध्याकाळी त्याला ती गोष्ट एवढीशी दिसतच नव्हती.

मुलींविषयी वेगळं बोललं पाहिजे. मुलगा घरातून गेला की आपण विचारतो, ‘कुठे गेला?’ मुलगी गेली की विचारतो, ‘कुणाबरोबर?’ या एका प्रश्नाने पुढचं सगळं ठरून जातं. मुलगा कुणीतरी असतोच असं गृहीत धरून गाव कामाला लागतं. आणि ती मुलगी एकटीच मावशीच्या गावची एसटी धरून गेलेली असते, कारण पुढच्या महिन्यात तिचं लग्न ठरलंय आणि तिला दहावीला बसायचंय. हे मी कल्पनेने सांगत नाही. २०१९ ते २१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षं वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. म्हणजे पाचांतल्या एकीहून जास्त. पुरोगामी म्हणवणाऱ्या आपल्या राज्यात! ज्या घरात असं लग्न ठरलंय, त्या घरातून मुलगी निघाली, तर पळाली कोण? कायदा तिच्या बाजूला उभा आहे. गावातला ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो, हे किती मुलींना शाळेत सांगितलं जातं?

कधी कधी खरंच एखादा मुलगा बरोबर असतो. तोही सतरा वर्षांचा असतो. कायद्याने अठराच्या आतल्या मुलीची संमती धरली जात नाही, गुन्हा नोंदवला जातो, आणि मग दोन मुलांची आयुष्यं कोर्टाच्या तारखांमध्ये अडकतात. यावर मतं वेगवेगळी आहेत, मी आज त्यात शिरत नाही. एवढंच म्हणते, की अशी मुलगी परत आली तर तिची शाळा बंद करून घाईघाईने लग्न लावून देणं हा उपाय नव्हे. तो दुसरा गुन्हा आहे.

आणखी एक गोष्ट आवाज खाली आणून सांगावी लागते. काही मुलं घरातल्याच माणसामुळे घर सोडतात. काका असतो, सावत्र बाप असतो, सख्खा बापही असतो. अशा मुलाला ‘सुखरूप घरी पोचवलं’ म्हणणं म्हणजे काय केलं आपण? म्हणून परत पाठवण्याआधी घराची चौकशी करावी लागते. घरी पाठवणं हे पहिलं उद्दिष्ट आहे, पण ते डोळे मिटून गाठायचं नसतं.

तिसरी गोष्ट, शोध. इथे मी जरा कायदा सांगते. कंटाळू नका, ही माहिती कुणाच्या ना कुणाच्या उपयोगी पडेल. तुमचं किंवा शेजाऱ्याचं अठरा वर्षांखालचं मूल घरी आलं नाही आणि शोधून मिळालं नाही, तर चोवीस तास थांबायचं नाही. ‘येईल संध्याकाळपर्यंत, नातेवाइकांकडे बघा,’ असं कुणी म्हटलं तरी थांबायचं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी स्पष्ट सांगितलं आहे, की हरवलेल्या प्रत्येक बालकाच्या बाबतीत पोलिसांनी गुन्हा नोंदवावा आणि उलट पुरावा मिळेपर्यंत त्याला पळवून नेलं असावं असं धरूनच तपास करावा. म्हणून नुसती ‘मिसिंग’ची नोंद घेऊन परत येऊ नका. गुन्हा नोंदवून घ्या, प्रत मागा. तिथे लाजू नका. आपल्याकडे पहिले काही तास जातात कुठे? पोलिसांमुळे जातात असं नेहमी म्हटलं जातं, आणि काही वेळा ते खरंही असतं. पण बरेच तास घरातच जातात, ‘लोकांना कळलं तर?’ या विचारात.

दुसरा आधार १०९८. चोवीस तास चालणारा, मुलांसाठीचा फुकट फोन नंबर. हा मुंबईत १९९६ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून एक प्रयोग म्हणून सुरू झाला आणि देशभर पसरला. २०२३ पासून तो सरकारी यंत्रणेचा भाग झाला आणि ११२ शी जोडला गेला. हा नंबर मूल स्वतः लावू शकतं, तुम्ही लावू शकता, फलाटावरचा चहावालाही लावू शकतो. रेल्वे सुरक्षा दलाची स्टेशनवर एकट्या मुलांना हेरणारी मोहीम आहे, पोलिसांची ‘ऑपरेशन मुस्कान’ आहे, ठाण्याच्या ‘समतोल’सारख्या संस्था फलाटावरच्या मुलांना घरी पोचवण्याचं काम करतात. १९८८ साली मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे’ या सिनेमानंतर ‘सलाम बालक ट्रस्ट’ उभा राहिला, तोही याच कामातून पुढे गेला. मी सुरुवातीला म्हटलं ना, शोधायला आपण बऱ्यापैकी शिकलो आहोत, ते या सगळ्या लोकांमुळे.

मूल सापडलं की प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला बाल कल्याण समितीपुढे आणावं लागतं. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात पळून गेलेलं मूल कुठल्या यादीत येतं? ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक’ या यादीत. गुन्हेगारांच्या नव्हे. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. आपल्याकडे मुंबई बाल कायदा १९२४ साली आला. तेव्हापासून ‘रिमांड होम’ हे नाव लोकांच्या तोंडी बसलं, आणि शंभर वर्षांनीही घराघरांत धमकी म्हणून वापरलं जातं. त्यामुळेच समितीसमोर बसलेलं मूल पहिल्यांदा एकच गोष्ट विचारतं, ‘मला आत टाकणार का?’ आणि त्याचे वडील काय म्हणतात? ‘मॅडम, ठेवून घ्या चार महिने. अक्कल येऊ दे.’ किंवा बरोबरच्या पोलिसाला म्हणतात, ‘साहेब, तुम्हीच जरा दम द्या.’ मला त्या वडिलांचा राग येत नाही. रात्रभर एसटीने आलेले असतात, डोळे तांबारलेले असतात, भीती संपून आता संताप सुरू झालेला असतो. पण मूल ते ऐकत असतं. त्याला कळतं, की घर मला परत न्यायला आलेलं नाही, सोडून द्यायला आलं आहे.

आता चौथी गोष्ट, जिच्यासाठी मी विषय पुढे ओढला. परत घेणं.

‘सलाम बॉम्बे’मधला कृष्णा आठवतो? त्याने रागाच्या भरात भावाची मोटरसायकल जाळलेली असते. आई त्याला सर्कशीत नेऊन सोडते आणि सांगते, पाचशे रुपये कमावशील तेव्हा घरी ये. मुंबईच्या रस्त्यावर चहा वाहत तो मुलगा ते पाचशे रुपये साठवत राहतो. त्याला शहर नकोय, त्याला घरीच जायचंय! पण घराने परतण्याची किंमत ठरवून ठेवली आहे. ती किंमत आपणही लावतो. कुणी म्हणतो, आधी सगळ्यांच्या पाया पड. कुणी म्हणतो, देवासमोर शपथ घे. कुणी म्हणतो, आधी सांग कुणाच्या सांगण्यावरून गेलास. आणि काही घरांत तर ‘तुझ्यामुळे आजीला ॲडमिट करावं लागलं’ हे पहिलं वाक्य असतं. मूल दारात उभं असतं आणि आपण बिल पुढे करतो.

मग काय करायचं? पहिल्या दिवशी फार थोडं. आंघोळ, जेवण, झोप. दुखलंखुपलं असेल तर डॉक्टर. नातेवाइकांची रीघ थांबवायची. मावशा, काका, शेजारचे आजोबा, सगळ्यांना नंतर या म्हणायचं. चौकशी एकाच माणसाने करायची, ज्याच्याशी मूल बोलतं त्याने, आणि तीही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. ‘का गेलास?’ या प्रश्नाचं खरं उत्तर त्यालाही माहीत नसतं, म्हणून ते खोटं उत्तर देतं आणि आपण त्या खोट्याला धरून बसतो. त्यापेक्षा विचारावं, ‘कुठे झोपलास? काय खाल्लंस? कुणी त्रास दिला का?’ यातून खरं बाहेर येतं. आणि शेवटी विचारावं, ‘इथे काय बदललं तर तुला राहता येईल?’

इथे सभागृहातले काही चेहरे मला दिसतायत. त्यांच्या मनात आहे, ‘म्हणजे डोक्यावर बसवायचं का?’ प्रश्न बरोबर आहे. नाही, डोक्यावर बसवायचं नाही. गल्ल्यातले पैसे नेले असतील तर ते फेडायचे, महिन्याला थोडे थोडे. बाहेर जाताना कुठे जातोय ते सांगायचं. फोनची वेळ ठरवायची, पण त्याला समोर बसवून. शिस्त हवीच. एवढंच सांभाळायचं, की घरात राहण्याचा हक्क आणि चुकीची भरपाई या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. भरपाई राहून गेली तरी ताट वाढलं जाईल, हे त्याला कळलं पाहिजे.

आणि एक व्यवहाराची गोष्ट, जी पुष्कळ घरांना उपयोगी पडली आहे. पुन्हा निघावंसं वाटेल, हे मान्य करा. ‘परत गेलास तर बघ’ म्हणण्याऐवजी ठरवून टाका, ‘घरात अगदी असह्य झालं तर आत्याकडे जायचं. तिला सांगून ठेवलंय. तिथे तुला न्यायला मी रागाने येणार नाही.’ दुसरं सुरक्षित दार आधीच उघडं ठेवलं, की मूल फलाटावर जात नाही. आई-वडिलांनाही कुणाशी बोलावं लागतं. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मानसिक आरोग्याचा सरकारी नंबर त्यासाठीच आहे. तिथे मोठ्यांनीही फोन करायचा असतो.

आता त्या फोटोविषयी. मूल हरवतं, तेव्हा आपण त्याचा फोटो, नाव, शाळा, वडिलांचा नंबर असं सगळं शेकडो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. मूल सापडतं, फोटो फिरतच राहतो. दोन वर्षांनी त्याच्या कॉलेजातल्या मुलीच्या फोनवर तो येतो. कधी पोलीस ठाण्यात मुलाला मधे उभं करून ‘सुखरूप शोध’ असा फोटो निघतो आणि छापलाही जातो. बाल न्याय कायद्याचं ७४ वं कलम नेमकं हेच मना करतं. शोधासाठी फोटो लागतो, मान्य. पण सापडल्याचं कळताच तो पुसायचा, आणि ज्यांना पाठवला त्यांना पुसायला सांगायचं. एक चुकीची संध्याकाळ आयुष्यभर गळ्यात अडकवायची नाही.

शेवटची गोष्ट, शाळेत परतणं. इथे खरा कस लागतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. तो म्हणतो, आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, मारता येत नाही, मानसिक छळही करता येत नाही. पण हा कायदा ६ ते १४ वयासाठी आहे. मूल पळून जातं कितव्या वर्षी? चौदाव्या, पंधराव्या, सोळाव्या. म्हणजे गरज सर्वांत जास्त असते, तेव्हाच कायद्याचा हात सुटतो! मग नववीत काय होतं, ते या सभागृहातल्या शिक्षकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागायला हवा, म्हणून नववीत चाळणी लागते. कच्च्या मुलाला, आणि पळून जाऊन आलेलं मूल अर्थात कच्चं असतं, सांगितलं जातं, ‘दाखला घेऊन जा आणि १७ नंबरचा फॉर्म भर.’ खाजगीरीत्या दहावीला बसण्याची ती सोय उत्तम आहे, मी तिच्या विरोधात नाही. मुक्त विद्यालयाचीही सोय आहे. कमावणाऱ्या मुलासाठी, लग्न होऊन गेलेल्या मुलीसाठी ते दार फार मोलाचं आहे. पण ज्या मुलाला घरी आणि वर्गात परत बांधायचं आहे, त्याला रोज जायची जागाच काढून घेतली, तर ते दिवसभर जाणार कुठे?

शाळेने काय करावं? खर्चाचं काही नाही. मूल परत येण्याआधी मुख्याध्यापकांनी सगळ्या शिक्षकांना एकदा सांगावं, की कुणीही वर्गात ‘आले का मुंबईकर?’ म्हणायचं नाही. हे वाक्य मी इतक्या मुलांकडून ऐकलंय, की ते कुठल्या प्रशिक्षणात शिकवतात की काय, अशी शंका येते! एक शिक्षक ठरवावा, ज्याच्याकडे मूल सकाळी दोन मिनिटं जाईल. बुडालेल्या सगळ्या वह्या पूर्ण करायला लावू नयेत, प्रत्येक विषयातलं जरुरीचं तेवढंच काढून द्यावं. प्रार्थनेच्या वेळी त्याचं नाव घेऊ नये, शिक्षा म्हणूनही नाही आणि स्वागत म्हणूनही नाही. वाचायला येत नसेल तर तपासणीसाठी पाठवावं. आणि पहिल्या आठवड्यात मूल पुन्हा एक दिवस गैरहजर राहिलं, तर त्याच सकाळी घरी फोन जावा.

सारांश सांगते. शाळा बुडवणं ही आधीची खूण आहे, ती हजेरीपटात दिसते, वाचणारा हवा. मूल कुठेतरी जात नाही, कशापासून तरी निघतं. ते काय, हे आधी शोधा. हरवलं तर थांबू नका, गुन्हा नोंदवा, १०९८ लावा. सापडलं तर दारात किंमत मागू नका. आणि शाळेने त्याला परत बाक द्यावा.

जाता जाता तीन मागण्या करते, तिन्ही याच शहरात उद्यापासून करता येतील. पालकांनो, आज घरी गेल्यावर मुलाला सांगा, की चुकून काहीही झालं तरी तू आधी घरी यायचंस. शाळांच्या संचालकांनो, उशिरा आलेल्या मुलाला फाटकाबाहेर ठेवण्याची पद्धत बंद करा आणि सलग तीन दिवस गैरहजर राहिलेल्या मुलाच्या घरी शिक्षकाने जायचं, असा नियम करा. आणि आपण सगळ्यांनी, फोनवर कुठल्याही सापडलेल्या मुलाचा फोटो अजून असेल, तर तो पुसून टाका.